मेमध्ये मीड नको, फाशांची डबी कर

तुझं पत्र दोनदा वाचलं. काय विचारलंस ते आधी मांडून घेतो, म्हणजे माझंच भरकटणार नाही. तू नोकरीला इंग्लंडात, लीड्सला. तिथल्या पाच मित्रांसोबत शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायचा तो बैठा खेळ, खेळतोस. मागच्या हिवाळ्यात तुम्ही घरीच मीड, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, लावली होती आणि ती बरी झाली. आता एप्रिलअखेरपासून ६ जूनपर्यंत गावी आहेस, कारंजा घाडगेजवळ. माळ्यावर आजोबांच्या वेळच्या सागाच्या फळ्या पडल्यात, आणि धारणीकडच्या ओळखीच्या माणसानं तीन किलो जंगलातला मध आणून दिलाय. एवढ्या दिवसांत मित्रांसाठी फासे ठेवायची डबी, फासे टाकायचा मनोरा आणि नकाशाचा पट करायचा, शिवाय जोडीला मीडचा एक बुधला लावायचा, असा तुझा बेत. प्रश्न असा की घरात दुपारी चाळीस अंश असताना यीस्ट तगेल का, आणि कोणतं लाकूड कशाला वापरायचं.

मी परतवाड्याचा, सुताराच्या घरचा. मधली अकरा वर्षं नाशिककडच्या एका परवानाधारक वाइनरीत तळघर सांभाळलं. म्हणजे दिवसभर टाक्यांचं तापमान पाहायचं आणि वहीत लिहायचं. वडील थकले तसा परत आलो आणि रंधा हातात घेतला. त्यामुळे तुझ्या दोन्ही प्रश्नांवर बोलायचा थोडाफार अधिकार आहे म्हण.

मीड लावू नको. पहिलं कारण कायद्याचं. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःच्या घरापुरतं आंबवायला परवाना लागत नाही, विकायचं तेवढं नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरात मद्य तयार करणं हाच गुन्हा आहे. पाच लिटर केली काय आणि स्वतःपुरती केली काय, त्यानं फरक पडत नाही. त्यात तुझं गाव वर्धा जिल्ह्यात, जो सेवाग्रामच्या पुण्याईनं कोरडा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, पण वर्ध्याची कायम आहे. पुण्यात, नाशिकला परवाने घेऊन मीड करणारे लोक आहेत. ते रीतसर अर्ज करून, शुल्क भरून करतात. तू सुट्टीवर आलेला पोरगा. बुधल्याच्या नळीतून बुडबुड येताना शेजारच्या काकूनं पाहिलं तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा, आणि तुझ्या आईला बाजारात तोंड दाखवायची पंचाईत.

दुसरं कारण तुझ्याच प्रश्नात आहे. वाइनचं यीस्ट अठरा ते बावीस अंशांत सुखानं काम करतं. तिशीच्या वर गेलं की ते घाईला येतं, आणि त्या घाईत जड अल्कोहोलं सोडतं. त्यांचा वास थिनरसारखा आणि घोट घशाला चटका देणारा. वर्षभर मुरवली तरी ती चव पुरती जात नाही. चाळीसच्या पुढे यीस्ट मरायलाच लागतं आणि अर्धी साखर तशीच पडून राहते. नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक नावाचं यीस्ट पस्तीस-चाळीस अंशांतही नीट चालतं, पण ते तुला आर्वीच्या बाजारात मिळणार नाही. कूलरसमोर ओलं पोतं गुंडाळून बुधला ठेवायची युक्ती मेच्या कोरड्या हवेत खरंच चालते. बाहेर ४४ अंश आणि हवेत जेमतेम १५ टक्के ओलावा असेल, तर ओलं फडकं तेवीस-चोवीसपर्यंत उतरतं. म्हणूनच आपला माठ मेमध्ये गारेगार आणि जुलैत कोमट. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग जमले, हवा दमट झाली की ही युक्ती फसते, आणि नेमका तेव्हा तुझा बुधला अर्ध्यावर असणार. आणि तू विमानात.

तेव्हा मध इथला घे, मीड तिथे कर. मात्र किती मध सोबत नेता येतो ते तिथल्या सीमाशुल्काच्या नियमांत आधी पाहून घे.

आता त्या तीन किलो मधाकडे येऊ, कारण तुझ्या सगळ्या बेताची किल्ली तिथंच आहे. धारणीकडचा आहे म्हणजे बहुधा आग्या मोहोळाचा. विचारून घे, मोहोळ कधी उतरवलं आणि मध पिळून काढला का. पोळ्यातल्या ज्या कोठड्यांवर माशांनी मेणाचं झाकण घातलंय, तो मध पिकलेला. उघड्या कोठड्यांतला कच्चा, पाणीदार. सगळं पोळं एकत्र पिळलं की दोन्ही मिसळतात, वर परागकण आणि अळ्यांचा रस. पाणी सतरा टक्क्यांच्या आत असेल तर मध वर्षानुवर्षं काही होत नाही. वीसच्या वर गेलं की मधातलंच रानटी यीस्ट जागं होतं आणि डबा फुगतो. म्हणजे तू मीड लावली नाहीस तरी मध स्वतःच लावून घेईल! घरी अंदाज घ्यायचा तर बरणी उलटी कर आणि आतला हवेचा बुडबुडा वर चढताना पाहा. रेंगाळत, जड चढला तर बरं. पण उकाड्यात सगळाच मध पातळ होतो, म्हणून ही परीक्षा पहाटे घे. खात्रीच हवी असेल तर मधातलं पाणी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आहे, दोन थेंब पुरतात. आणि हो, बरणी टिनाच्या खोलीत ठेवू नको. रांजणाच्या मागच्या कोपऱ्यात, अंधारात ठेव. तापलेल्या खोलीत महिनाभर राहिलेला मध काळपट होतो, त्याचा वास जळकट लागतो, आणि मीडमध्ये वासच तर हवा असतो.

लीड्सला गेल्यावर साडेचार लिटरच्या काचेच्या बुधल्यात १.४ किलो मध घे आणि पाणी घालून बुधला भर. साखरेचा अंदाज देणारा घनतामापी १.०९० च्या आसपास दाखवेल, आणि सगळी साखर खपली तर मीड बारा टक्क्यांपर्यंत जाईल. मध उकळू नको. जुने लोक उकळायचे, त्यात सुगंध उडून जातो आणि हाती काही लागत नाही. मधात यीस्टला लागणारा नायट्रोजन फार कमी असतो, म्हणून पोषक एकदम न घालता पहिल्या चार-पाच दिवसांत थोडं थोडं घाल. मागच्या वेळी तुमची मीड 'मध्येच थांबली आणि मग महिन्यानं पुन्हा सुरू झाली' असं तू लिहिलंस, त्याचं कारण बहुतेक हेच. आणि बाटलीत भरायच्या आधी तीन आठवड्यांत घनतामापीचा आकडा हललेला नाही ना, हे पाहा. नाहीतर बाटल्या फुटतात. वाइनरीत असताना एका रात्री अकरा बाटल्या एकामागून एक फुटलेल्या ऐकल्यात मी. चूक माझीच होती. मेमध्ये चाळीस अंशांच्या खोलीत घनता मोजली, आणि घनतामापी वीस अंशांवर लावलेला असतो हे विसरलो. तेवढ्या उकाड्यात तो सुमारे सहा अंक, म्हणजे ०.००६, कमी दाखवतो. मला वाटलं साखर संपली, आणि ती शिल्लक होती.

मीडचं एवढंच. आता तुझ्या सागवानाकडे.

मधाचा प्रश्न पाण्याचा, तसा लाकडाचाही पाण्याचाच. आमचे वडील उन्हाळ्यात कुणाच्या घरी दारं-खिडक्या बसवल्या की शेवटचा हप्ता घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक द्यायला आलं तरी म्हणायचे, "मिरगात पाह्य, मंग दे." मृग लागला, चार दिवस पाऊस पडला आणि दार अजून मोकळं लागतंय असं दिसलं, की मगच पैसे. मला लहानपणी हा गिऱ्हाइकाला खूश करायचा ढंग वाटायचा. नंतर आकडे कळले.

मेमध्ये आपल्याकडे घरात पडलेल्या लाकडात पाच-सहा टक्के पाणी उरतं. जुलै-ऑगस्टात तेच लाकूड सोळा टक्क्यांपर्यंत पितं. सागवान त्या मानानं शांत लाकूड, तरी एक टक्का पाणी वाढलं की फळी आडव्या दिशेनं साधारण ०.१९ टक्का फुगते. ऐकायला किरकोळ आहे. तुझ्या डबीचं सरकतं झाकण बारा सेंटिमीटर रुंद असेल तर पावसाळ्यात ते अडीच मिलिमीटर वाढणार. लीड्सच्या घरात, हीटर चालू-बंद होत असताना, लाकूड नऊ-दहा टक्क्यांवर स्थिरावतं, म्हणजे तिथे एक मिलिमीटर. तू मेमध्ये घट्ट, सुरेख, हवाबंद बसणारं झाकण करशील, सगळ्यांना दाखवशील, आणि तिकडे गेल्यावर ते उघडणारच नाही. फासे आत, पाच जण बाहेर.

उपाय दोन आहेत. फळीच्या टोकाकडून पाहा. वर्षवलयांच्या रेषा उभ्या, फळीच्या रुंदीला काटकोनात दिसत असतील तर ती फळी निम्मीच फुगते, एक टक्क्याला ०.१ च्या आसपास. झाकणाला तशीच फळी निवड, कमानी रेषांची देखणी फळी तळाला किंवा बाजूला जाऊ दे. आणि खोबणीत दोन्ही बाजूंना मिळून एक मिलिमीटर मोकळं सोड. मेमध्ये झाकण जरा खुळखुळेल. खुळखुळू दे. लोक विचारतात, काका हे ढिलं झालं का? मी म्हणतो, मिरगात पाह्य.

लांबीच्या दिशेनं लाकूड जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे तिकडचं माप चोख ठेवायला हरकत नाही. आजोबांच्या फळ्यांना रंधा मारण्याआधी जुने खिळे आहेत का ते चुंबक फिरवून बघ. आणि पात्याला धार लावायचा दगड जवळच ठेव. सागात वाळूसारखे बारीक कण असतात, पातं लवकर बोथट होतं. नवं लाकूड लागलंच तर आरागिरणीतून बिल घेऊन छाटण आण. रस्त्यात वनखात्यानं अडवलं तर कागद दाखवता आला पाहिजे.

मनोऱ्यात फार काही नाही, वरून टाकलेला फासा आपटत खाली यायचा एवढंच. आतली वाट सर्वांत मोठ्या फाशाच्या तिप्पट रुंद, म्हणजे साठ मिलिमीटर, आणि तीन उतरत्या पाट्या एकमेकींच्या समोर. पाट्यांना जुन्या घोंगडीचा तुकडा चिकटव, नाहीतर रात्री दोन वाजता तो मनोरा सगळ्या इमारतीला जागं करील.

खरी मजा फाशांत आहे. तू सात फाशांचा पूर्ण संच लाकडात करायचं म्हणतोस. वीस बाजूंचा फासा हाती करायच्या फंदात पडू नको. तो आकार आजचा नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तमधला, ग्रीक अक्षरं कोरलेला वीस बाजूंचा दगडी फासा आहे. पण हाताच्या कानशीनं वीस त्रिकोण एकसारखे येत नाहीत, मी तीनदा करून पाहिलंय. तो विकत घे. रेझिनमध्ये ओतायचा विचार असेल तर मेमध्ये तेही टाळ. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. बुडबुडे वर यायच्या आत ते गोठतं, आणि ज्या बाजूला बुडबुडा अडकला ती बाजू हलकी राहते.

लाकडात करण्याजोगा फासा म्हणजे चार बाजूंचा. तुमच्या खेळात तो पिरॅमिडसारखा असतो. तो लोळत नाही, नुसता धपकन पडतो, आणि अंधारात पायाखाली आला तर विंचू चावल्यासारखं वाटतं. आपल्या सारीपाटाचा लांब फासा यापेक्षा शंभर पटीनं शहाणा. तो तळहातात घोळतो, पटावर गडगडतो, चारच बाजूंवर थांबतो. सारीपाटात त्यावर १, २, ५, ६ असे ठिपके असतात. तू १, २, ३, ४ कोर, समोरासमोर १ आणि ४, २ आणि ३, म्हणजे बेरीज पाच. बारा मिलिमीटर चौरस, साठ लांब. टोकं कानशीनं गोलसर कर, म्हणजे तो उभा राहणार नाही. याला सागवान नको, त्याची रेषा भरड आणि ठिपका कोरताना कड निघते. हळदू मिळाला तर उत्तम. पिवळसर, बारीक कणाचा, फण्या करायचे त्याच्या. शिसमही चालेल.

चौरस म्हणजे खरोखर चौरस. एका बाजूनं बारा आणि दुसऱ्या बाजूनं साडेबारा झालं तर रुंद बाजू जास्त वेळा खाली-वर येणार. गुण्यानं कोन बघ, खतावणीनं, म्हणजे सुताराच्या रेघ आखायच्या हत्यारानं, रेघ मार, आणि रेघ अर्धी दिसेपर्यंतच रंधा मार.

तू विचारलंस की फासा खरा आहे हे कसं ठरवायचं. मिठाच्या पाण्यात तरंगवायची युक्ती प्लास्टिकच्या आणि रेझिनच्या फाशांना चालते. १०० मिलिलिटर पाण्यात ३५-३६ ग्रॅम मीठ विरघळवलं की फासा तरंगायला लागतो. टिचकी मारून फिरवत राहायचं आणि तोच आकडा पुन्हा पुन्हा वर येतो का ते पाहायचं. लाकडाचा फासा मात्र चुकूनही पाण्यात टाकू नको. तो शंभर वेळा टाक आणि मोज.

समजा शंभर वेळा टाकला आणि १ आला ३४ वेळा, २ आला २१, ३ आला २७, ४ आला १८. तुझा खेळगडी ओरडणार की फासा लबाड आहे. थांब. प्रत्येकाची अपेक्षा २५. फरक ९, ४, २, ७. त्यांचे वर्ग ८१, १६, ४, ४९, बेरीज १५०, भागिले २५, उत्तर ६. चार बाजूंच्या फाशाला ही संख्या ७.८१ च्या आत असली तर फाशावर आळ घेता येत नाही, नशीब तेवढं हलतंच. तेच ३८, २०, २५, १७ आले असते तर उत्तर १०.३, आणि मग मी गुण्या काढला असता. वीस बाजूंच्या फाशाला दोनशे वेळा टाक, प्रत्येक बाजूची अपेक्षा दहा, आणि मर्यादा ३०.१४. हेही लक्षात ठेव की निर्दोष फासासुद्धा शंभरातल्या पाच वेळा या मर्यादेबाहेर जातो. म्हणून एकदा नापास झाला की लगेच चुलीत घालू नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. मी हे काम शेजारच्या पोरांना देतो. दर शंभर टाकींना एक बर्फगोळा. पोरं मोजताना चुकत नाहीत, फक्त गोळ्याचा रंग ठरवताना भांडतात.

नकाशाच्या पटाला एक इंचाचा चौकोन लागतो, खेळात तो पाच फुटांचा धरतात. तू सोयीसाठी पंचवीस मिलिमीटर धरणार होतास. चोवीस चौकोन झाल्यावर जवळजवळ एक सेंटिमीटर मागे पडशील आणि बाजारातल्या पटाशी जोड बसणार नाही. सुताराची जुनी पट्टी घे, इंच आणि सुतांची. आठ सूत म्हणजे एक इंच. पट पांढऱ्या रेक्झिनवर आख, पुसता येतो.

किल्ल्याच्या भिंती, कुंपणं यांना प्लास्टिक विकत घेऊ नको, शेताच्या धुऱ्यावर जा. पऱ्हाटीचे वीतभर तुकडे केले की लाकडी तटबंदी तयार. तुराट्या सारख्या लांबीच्या कापून दोऱ्यानं बांधल्या की झोपडीची कुडं. ज्वारीच्या धांड्याच्या गाड्या लहानपणी केल्याच असशील, तोच हात. फक्त तिकडे नेताना विमानतळावर वनस्पतीचे तुकडे अडवतात, तेव्हा हे खेळ इथल्या पोरांसाठी ठेव आणि तिकडे फोटो ने.

शेवटचा हात पॉलिशचा. आग्याच्या पोळ्याचं मेण मध काढल्यावर लोक फेकतात, ते मागून घे. गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळ. मेण साठ-पासष्ट अंशांत वितळतं, म्हणून गरम पाण्यात भांडं ठेवूनच, थेट आचेवर नाही. एक वाटी मेणाला चार वाट्या जवसाचं तेल. फडक्यानं पातळ हात, दुसऱ्या दिवशी पुसून काढायचं, असे तीन वेळा. आता नीट ऐक. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल सुकताना तापतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं आपोआप पेटतं. मेच्या दुपारी तर सहज. आमच्या दुकानात भुशाच्या पोत्यावर असं एक फडकं राहिलं होतं. वडिलांना वास आला म्हणून निभावलं, नाहीतर दुकान गेलं असतं. प्रत्येक फडकं दोरीवर उलगडून वाळत घाल, किंवा पाण्याच्या बादलीत बुडव.

कामाचा क्रम असा लाव. पहिल्या आठवड्यात फळ्या खाली उतरवून, मध्ये पट्ट्या देऊन, सावलीत रचून ठेव. उन्हात नको, तडकतील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डबी आणि मनोरा. फासे सकाळी दहाच्या आत, नंतर घामानं हात घसरतो. मेच्या चौथ्या आठवड्यात पॉलिश. डबी आणि मधाची बरणी घेऊन रोहिणी संपायच्या आत परतवाड्याला ये, बरणीतलं पाणी मोजू आणि झाकणाची फट बघू. फट कमी वाटली तर माझ्याकडे घासून देतो. येताना शंभर टाकींचा कागद आण, आणि आजोबांच्या फळीचा एक तुकडा. त्या काळचा बल्लारशाचा साग आहे का ते मला बघायचंय.